टॉवेलाखाली ठरलेली गाडी

जुन्या गाड्यांच्या दलालाच्या तोंडावर मी चाक खोलायचा पाना मारला. त्याचा ओठ फाटला, पुढचा एक दात पडला. बाईमाणूस असून हात कसा उचलला, असं लोक अजून विचारतात. उचलला. परत वेळ आली तर परत उचलीन.

आदल्या वर्षी घोडेगावच्या अलीकडं उसाची ट्रॉली रस्त्यात उभी होती. मागं ना लाईट, ना रेडियमची पट्टी. आमची छोटी गाडी तिच्याखाली घुसली. आमचे हे गाडी चालवत होते. स्टेअरिंग छातीत बसलं, कमरेचा मणका मोडला. पत्रा कापून ह्यांना बाहेर काढलं. गाडीत एअरबॅग असती तर इतकं झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

तेव्हापासून दर मंगळवारी सोनईहून पुण्याला उपचाराला जायचं. ठोकून सरळ केलेली तीच गाडी मी चालवायची. सीट ताठ, शॉकअप गेलेले. प्रत्येक खड्ड्याला हे दातात नॅपकिन धरायचे आणि तरी त्यातून आवाज यायचाच. मला आरशात बघवत नव्हतं. म्हणून मऊ, लांब सीटची, एअरबॅगवाली जुनी गाडी बघायला आम्ही नगरला गेलो. सोबत माझे सासरे होते, आबा.

आबांनी सगळी हयात बैलांच्या बाजारात काढली. तिथं सौदा टॉवेलाखाली होतो, बोटं दाबून भाव सांगायचा. बोटं सुटली की शब्द पक्का. मग बैल लंगडा निघो की मारका, माघार घेणारा माणूस बाजारात तोंड दाखवत नाही.

एक पांढरी गाडी ह्यांना आवडली. सीट मागं टाकून हे आडवे झाले, मी बायपासला चक्कर मारली. गतिरोधकावर मी कान टवकारून बसले होते, पण हे कण्हले नाहीत. "लई बरं वाटतंय गं," म्हणाले. मला रडू आलं. परत येतो तर आबांचा हात दलालाच्या हातात, वर टॉवेल. टॉवेल त्या मेल्यानं स्वतःच पुढं केला होता. त्याचा बापही बैलांचा दलाल. म्हातारा कशात अडकतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी हे घरी होते. मी गावातल्या फिटरला सोबत नेला. त्यानं स्टेअरिंगचं झाकण काढलं. एअरबॅगच्या जागी चिंध्या कोंबलेल्या, म्हणजे गाडी आधी कुठंतरी आदळलेली. शेजारच्या सीटचीही तीच गत. मी म्हटलं, सौदा रद्द. आबा खाली बघत होते.

"हात दिलाय, पोरी. गाडी न्यावी लागंल."

माझी आग मस्तकात गेली. त्यात दलाल हसला.

"ताई, झोपून जाणाऱ्या माणसाला कशाला पायजे एअरबॅग? त्यांचं आता मोडायचं काय राह्यलंय?"

फिटरच्या हातातला पाना मी कधी ओढला, मला आठवत नाही. दलालाच्या दाताचा आवाज तेवढा आठवतो. दुसरा वार करणार तोच आबांनी माझ्या कानाखाली जाळ काढला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, त्यांनी कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता. कान सुन्न झाला. मी त्यांना शिवी दिली, सासऱ्याला, तोंडावर. मग त्यांचा हात धरून ओढत गाडीपाशी नेलं आणि शेजारच्या सीटचा पट्टा पार शेवटापर्यंत खेचला.

शेवटचा वीतभर पट्टा काळपट, वाळून कडक झालेला. कुणाचं तरी रक्त होतं ते. धुणाऱ्यानं वरचा भाग धुतला होता, आत गुंडाळलेला तसाच राहिला होता.

"ह्या सीटवर तुमचा लेक झोपणार होता," मी म्हटलं.

आबांनी डागावरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, ओठ दाबून बसलेल्या दलालापाशी गेले आणि त्याचा उजवा हात टॉवेलाखाली घेतला. त्याला वाटलं, म्हातारा समजूत काढतोय. मला दिसलं काहीच नाही. ओली काटकी मोडावी तसा आवाज आला, मग दुसरा. दलाल गुडघ्यावर आला.

"घेतला हात माघारी," आबा म्हणाले.

त्याची माणसं धावली. फिटरनं मध्ये पडून चार लाथा खाल्ल्या, म्हणून आम्ही निसटलो.

पुढच्या मंगळवारी तीच जुनी गाडी. आबा न बोलावता मागं येऊन बसले. ह्यांना आडवं केलं आणि कमरेखाली स्वतःचे दोन्ही हात घातले. सुपं गेलं, शिरूर गेलं, हात तिथंच. खड्डा आला की आधी आबांचा श्वास अडकायचा.

"आबा, काढा आता, दुखत असंल," हे म्हणाले.

"गप पड."

आरशात मी पहिल्यांदाच मागं बघितलं. ह्यांच्या तोंडात नॅपकिन नव्हता. आबांनी स्वतःचा टॉवेल दातात घट्ट धरला होता.