आत खोचलेल्या नाड्या

आमची चौकी चौदा हजार फुटांवर होती. हिवाळ्यात आम्ही अकरा जण तिथे असू. मी नायब सुभेदार. वायरलेस ऑपरेटर नायक दत्ताराम तांडेल माझ्याच गावचा. मालवणच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आमची घरे चार कुंपणांच्या अंतरावर आहेत. बंकरमध्ये वायरी पसरलेल्या असत. त्यांत अडकू नयेत म्हणून तो बूट काढला की नाड्या आत खोचून ठेवी. ही सवय त्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी 0640 वाजता तिघांची गस्त निघाली. तिघेही आमच्याच तालुक्यातले. 0815 ला त्यांच्या वाटेवर बर्फाचा कडा कोसळला. दत्ताराम सेटवर बसला.

"ब्राव्हो, धिस इज अल्फा. रेडिओ चेक. ओव्हर."

उत्तर आले नाही. दर दोन मिनिटांनी तेच वाक्य, 1230 पर्यंत. मग मी त्याच्या हातातून हँडसेट काढून घेतला आणि मगात रम ओतली. तो पीत नसे.

"नको, साहेब."

"पी. ऑर्डर आहे."

त्याने हुकूम पाळला. निवृत्त झाल्यावरही तो पाळत राहिला.

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि गावी माजी सैनिक संघाचा सचिव झालो. संघाला ग्रामपंचायतीने दिलेली एक खोली आहे, दारात त्या तिघांच्या नावांचा दगड आहे आणि मी लिहिलेली नियमावली आहे. बेकायदेशीर गोष्ट मला सहन होत नाही. ती दिसली की मी पत्र लिहितो, पोच घेतो आणि उत्तर येईपर्यंत कार्यालयाला स्वस्थ बसू देत नाही.

गेल्या वर्षी एका रविवारी 1000 वाजता खोलीचे दार आतून बंद आढळले. आधीच्या अध्यक्षांनी कोणाला तरी तोंडी परवानगीवर किल्ली दिली होती. दार ठोठावले. एका अनोळखी माणसाने ते बोटभर उघडले.

"आपले नाव?"

"हय नाव विचारनत नाय, काका. कोणाचाच."

"कसली बैठक आहे?"

"ता भायर सांगूचा नसता."

"रजिस्टर कुठे आहे?"

"रजिस्टर ठेवला तर कोण येतलो?" असे म्हणून त्याने दार लावले.

त्याच दुपारी मी ग्रामपंचायतीला तक्रार लिहिली: नोंदणी नाही, नावे सांगण्यास नकार, हेतू संशयास्पद. पुरावा म्हणून दाराबाहेरची पादत्राणेसुद्धा मोजून नोंदवली. आठवड्यात खोलीला कुलूप लागले. मला समाधान वाटले.

चार महिन्यांनी, सकाळी सात वाजता, दत्ताराम माझ्या फाटकापाशी उभा होता. डोळे पिवळे पडले होते.

"साहेब, माका दारू सोडूची आसा. एकट्यान जमणा नाय. सोडलेली माणसा खंय एकत्र बसतत, ता शोधा."

"डॉक्टरकडे जा."

"डॉक्टर गोळ्यो दितत. माका माणसा होयी." तो किंचित हसला. "पत्र लिवा. तुमचा पत्र पोचता, माका ठाऊक आसा."

मी माहिती अधिकाराखाली पाच कार्यालयांना लिहिले. चौघांनी अर्ज 'योग्य त्या कार्यालयाकडे' वर्ग केला, म्हणजे एकमेकांकडे. मी अपिले केली, कलमे लावली, दंडाची मागणी केली. दर सोमवारी दत्ताराम फाटकाशी येई.

"इला काय उत्तर?"

"कायद्याने त्यांना तीस दिवस आहेत."

"त्येंका आसत. माका नायत."

सत्तेचाळिसाव्या दिवशी पाचव्या कार्यालयाचे उत्तर आले. व्यसनमुक्तीसाठी एकत्र बसणारा एकच गट या परिसरात होता. ठिकाण: माजी सैनिक संघाची खोली. वेळ: रविवार, 1000. सद्यःस्थिती: तक्रारीवरून बंद. सोबत तक्रारीची प्रत. खाली माझी सही.

चौथ्या परिच्छेदात मी लिहिले होते: "दाराबाहेर आठ जोड चपला व एक जोड लष्करी बूट आढळले. बुटांच्या नाड्या आत खोचलेल्या होत्या. सैनिकी साहित्य अनधिकृत व्यक्तींच्या हाती गेल्याचा संशय येतो."

मी कागद हातात घेऊन चार कुंपणे ओलांडली. तेव्हा 1100 वाजले होते. दत्तारामला पहाटे रक्ताची उलटी झाली होती. शेजाऱ्यांनी त्याला हॉस्पिटलात नेले. 0920 ला तो गेला. त्याची पत्नी सुलभावहिनी ओट्यावर बसली होती. मी कागद पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"सात म्हयने थेंब घेवक नाय त्येंनी," ती म्हणाली. "कुलूप पडला त्याच सांजेक परत घेवक बसले."

"मला का नाही सांगितले?"

"मी म्हटलंय, साहेबांक सांगा. तर म्हणतत, साहेब आधी माझा नाव लिवतले. मगे म्हणाले, तेंनीच बंद केल्यानी, तर तेच उघडतले. म्हणान इले तुमच्याकडे."

त्या दुपारी मी तक्रार मागे घेतली. कुलूप निघाले. मी दर रविवारी 1000 ला दार उघडून बाहेर उभा राहतो. आजपर्यंत कोणीही आलेले नाही.

यंदाच्या स्मृतिदिनी मी दगडासमोर नावे वाचली. हवालदार रामा परब. लान्स नायक विष्णू गावडे. शिपाई अंतोन फर्नांडिस. त्यानंतर, नायक दत्ताराम तांडेल.

अध्यक्षांनी हरकत घेतली. कर्तव्यावर पडलेल्यांचीच नावे वाचावीत, असा नियम आहे. हरकत योग्य आहे. नियम क्रमांक चार. हस्ताक्षर माझे आहे.