नागपुरावून येणारे भाऊ

आता तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. बायको अजून हसते. तरी चहा संपेपर्यंत ऐका. लुनावर टाकोटाक पोचता येईल अशा गावाला जायला आधी ते गाव ओलांडून पुढे जाणारा, मग मागे फिरणारा, दोन एसट्या बदलणारा आणि तेही दर रविवारी, असा येडा माणूस पाहिलाय कधी? मग पाहून घ्या. समोर बसलाय.

नव्वदीची अखेर असेल. मी भद्रावतीला एका कारखान्याच्या ऑफिसात होतो. मोठ्या साहेबांच्या मनात आलं की स्टाफने समाजासाठी काहीतरी करावं. झालं! महिन्यातून एक रविवार श्रमदान. वरोऱ्याच्या रस्त्यावर, फाट्यावरून आत एक गाव होतं. तलाव गाळाने भरलेला, पाळ म्हणजे बांध खचलेला. मासोळ्या धरणारे ढिवर काय आणि धान लावणारे शेतकरी काय, सगळ्यांचं पोट त्याच पाण्यावर.

पहिल्या रविवारी जीप भरून गेलो. टोप्या, बॅनर, फोटो! पुढे कुणाची क्रिकेटची मॅच निघाली, कुणाच्या मेव्हण्याचं लग्न. जीपही बंद झाली. उरलो मी आणि माझी लुना.

समाजसेवा वगैरे सोडा हो. ऑफिसात दिवसभर इकडचा कागद तिकडे करायचा आणि संध्याकाळी काय केलं म्हणाल तर काही दिसत नसे. इथे टोपलंभर गाळ काढला की तेवढा खड्डा डोळ्यांनी दिसायचा. आणि दुपारी पाळीवर पारबताबाईंच्या हातचा झिंग्यांचा रस्सा-भात! पारबताबाई म्हणजे ढिवरांच्या पुढारी. त्यांच्यासमोर सरपंचसुद्धा हळू आवाजात बोलायचा.

अशात माझी बदली निघाली. नागपूर.

गावाने काय निरोप दिला म्हणता! भजन, शाल, नारळ, नव्या धानाचे तांदूळ आणि वर एक जिवंत कोंबडा. मी भाषणाला उभा राहिलो. "शरीराने नागपुरात असलो, तरी मन या पाळीवरच राहील," असं म्हणालो आणि असा रडलो, असा रडलो, की बायांना उठून माझी समजूत काढावी लागली.

हे रविवारी. मंगळवारी साहेबांनी बोलावलं.

"तुमच्या जागी यायला कुणी तयार नाही. बदली रद्द."

रद्द? अहो, कोंबडा खाऊन झाला होता!

"जा आणि सांगून टाका. त्यात काय एवढं?" बायको म्हणाली.

त्यात काय? एवढं रडून झाल्यावर कोणत्या तोंडाने जाऊ? मी जाणंच सोडलं. पण रविवार उजाडला की जीव नुसता तळमळायचा. पाळीचा कोपरा पावसाआधी भरला का, तलावात मधोमध रुतलेल्या त्या मोठ्या दगडाचं काय केलं, कुणाला विचारणार? जेवायला बसलो की बायकोच्या रश्शाला नावं ठेवायचो. शेवटी तिने वाटी उचलून नेली.

एक दिवस भद्रावतीच्या बाजारात वांगी निवडत होतो. मागून आवाज आला.

"अवो भाऊ! तुमी त नागपूरले गेले होते ना?"

पारबताबाई! डोक्यावर मासोळ्यांची टोपली. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं हो. पण तोंडातून काय निघावं?

"हो, नागपूरहूनच आलो. म्हणजे... दर रविवारी येणारच आहे. तलावासाठी!"

बाईंनी टोपली खाली ठेवली. "नागपुरावून? आमच्या तलावासाठी? माय वो!"

बस. घातला पाय खड्ड्यात. आता नागपूरहून येणारा माणूस लुनावर कसा येईल? तेव्हा रविवारी पहाटे भद्रावतीहून एसटीने वरोऱ्याला जायचं, तिथे नागपूरहून आलेली चंद्रपूरची गाडी पकडायची आणि दमल्यासारखं तोंड करून फाट्यावर उतरायचं. संध्याकाळी सगळे नागपूरच्या गाडीत बसवून द्यायला यायचे. वरोऱ्याला उतरून पुन्हा उलट्या गाडीने घरी. वाटेत तोच फाटा! तो आला की मी सीटखाली काही पडल्यासारखा वाकायचो.

"घरच्या घरी नागपूर करून आले का?" बायको दार उघडताना विचारायची.

आणि गावात काय झालं माहितीये? जे कधी घराबाहेर पडत नव्हते, ते फावडी घेऊन येऊ लागले. "नागपुरावून माणूस येऊन राह्यला, अन् आपण इथी बसून राह्यलो?" असं म्हणत. पाळ बांधून झाली. मग त्यांनीच पाटाचं काम काढलं. आमच्या ऑफिसात तर श्रमदान हा शब्दही कुणाला आठवत नव्हता.

आणि मग खरोखर बदली झाली. नागपूरच! या वेळी रद्द होईना. मी साहेबांच्या हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. जाण्याआधीच्या रविवारी पाळीवर सगळ्यांना बसवलं आणि हात जोडून खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं, आता टोपली फेकून मारतील.



"आमाले मालूम होतं न भाऊ," पारबताबाई शांतपणे म्हणाल्या. "गाडी फाट्यावर थांबते, अन् तुमी मुंडकं खाली घालून बसता. पाठ त दिसते ना!"

"मग बोलल्या काऊन नाही?"

"काऊन बोलाव जी? इथी होते तवा महिन्यातून एक डाव येत होते. नागपूरले 'गेले', अन् दर इतवारी येऊन राह्यले. कोण बोलन?"

सगळी पाळ हसायला लागली. मी उठलो. म्हटलं, "बाई, आता खरंच चाललो. या वेळी खोटं नाही."

"मंग त अजून बरं झालं," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात फावडं दिलं. "खोटे खोटे गेले त दर इतवारी आले. खरे गेले त रोजच येसाल!"