परभाची सुई

परभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरजवळच्या देवळालीला ओसरीवर लसूण सोलत होते. रडू आलं नाही, राग आला. शोकसभेत सगळे म्हणाले, सर म्हणजे ऋषी! माझ्या हातात माईक दिला, तो मी परत केला. धाकट्या भावाबद्दल खोटं कशाला बोलू?

परभा नगरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि उरलेला जीव एका मशीनला द्यायचा. आत सुई, टोक नजरेला दिसू नये इतकं बारीक. तिला विजेचा दाब दिला की थंड धातूतूनच इलेक्ट्रॉन बाहेर पडतात म्हणे. कोणता धातू किती सहज सोडतो, हेच त्यानं जन्मभर बघितलं. पण आत हवा चालत नाही. पंप लावून ती हवा दिवसचे दिवस उपसत राहायचं. एकदा मी डबा घेऊन गेले. टेबलावर त्या मशीनचं स्टीलचं झाकण होतं, घरातल्यासारखं उचललं नि पदरानं पुसलं... तर केवढ्यानं ओरडला! "आक्का, ठेव ते! हाताचं तेल लागलं की आतली हवा नीट निघत नाही, माझा आठवडा गेला!" पोरांसमोर. "मग डबा तरी खाशील, का त्यालाबी माझा हात लागलाय?" म्हटलं नि तशीच एसटीत बसले.

तेही गिळलं असतं. पण आई अंथरुणाला खिळली, सारखी विचारायची, "परभा आला व्हय गं?" मी फोन केला. तर म्हणतो, "आत्ता सोडलं तर सगळं पहिल्यापासून, आक्का. रविवारी येतो." दीड तासाची वाट! आई शुक्रवारीच गेली. पुढं त्याचं नाव झालं, परदेशातून बोलावणी आली... मी एकदाही 'छान' म्हटलं नाही.

मागल्या आठवड्यात त्याची विद्यार्थिनी मनीषा घरी आली. "आत्या, सरांनी बसवलेली शेवटची सुई आतच आहे. माझं काम तिच्यावरच चाललंय, पण पंप बंद करायचा का, घरच्यांना विचारावं म्हटलं."

"मीच करते बंद," म्हणाले नि तिच्याबरोबर नगरला निघाले.

प्रयोगशाळेत पंपाच्या खटक्यावर हात ठेवला, तशी ती म्हणाली, "आधी एकदा बघा." तिनं दिवा मालवला, विजेचा दाब वाढवला. काचेतून आतल्या पडद्यावर हिरवा उजेड दिसला, ठिपक्याठिपक्यांचा, थरथरता. सुईच्या टोकातून निघालेला.

मेल्या, हे आईला का नाही दाखवलंस? उचलून आणली असती तिला मी.

माफ केलेलं नाही. पण हात काढला. "राहू दे चालू," मनीषाला म्हटलं, "त्याच्यावरचा राग तुझ्या कामावर कशाला?" खोलीत बसायला एकच स्टूल होतं, त्याचं. त्यावर बसले आणि अंधारातच बराच वेळ त्याच्याशी भांडले.