माझ्या खिशातला मावशीचा रिपोर्ट

नेकनूरचा तो दवाखाना आता बंद आहे, पण त्याच्या बाकाशेजारी बसून मी केलेला गाढवपणा अजून आठवतो.

सगळ्यांची आरोग्य कार्डं ऑनलाइन काढायची होती. आमच्या संस्थेनं ते काम अंगावर घेतलं, आणि मला टेबल मांडायला जागा दिली तिथल्या डॉक्टरांनी. घराघरातला खोकला ते आवाजावरून ओळखायचे.

कार्डाला मोबाइल नंबर लागे. पुष्कळांकडं फोन नव्हता. मी युक्ती काढली: ज्याला फोन नाही, त्याच्या नावापुढं माझा नंबर! काम असं पळालं की संस्थेच्या बैठकीत माझं कौतुक झालं. मी मान खाली घालून, पण दोन्ही कान उघडे ठेवून ऐकलं.

मग फोन दिवसभर टुणटुणायला लागला. कुणाच्या लसीचा मेसेज, कुणाच्या साखरेचा. वैतागून मी आवाजच बंद केला.

एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "त्या मेंढरंवाल्या मावशीचा थुंकीचा रिपोर्ट कावून आला न्हाई अजून?"

"सरकारी काम हाय, टाइम लागतो," मी ऐटीत सांगितलं आणि सहज फोन चाळला. रिपोर्ट दहा दिवसांपूर्वीच आलता. क्षयरोग.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तिच्या मांडीवर तान्हा नातू असतोय बे."

मावशीचं बिऱ्हाड तोवर माजलगावकडं गेलतं. डॉक्टरांनी माझ्या नोंदणीच्या टॅबकडं पाहिलंसुद्धा नाही, बाकावरच्या पेशंटना विचारलं, "मेंढरं कुणाच्या रानात बसल्यात?" खतासाठी शेतकरी कळप रानात बसवून घेतात, त्यामुळं कुणाला तरी ठाऊक असतंच. दोनतीन फोनांत पत्ता लागला. सरकारी केंद्रातून गोळ्या घेऊन आम्ही माझ्या मोटारसायकलवर निघालो.

"मला वाटलं, बरी हाय म्हणूनच बोलवलं न्हाई," मावशी म्हणाली.

"चूक माझी, मावशी. रिपोर्ट माझ्या फोनात पडून होता."

"तुझ्या फोनात? मग गोळ्या बी तूच खायच्या की!"

डॉक्टर इतके हसले की मलाही हसावं लागलं. मावशीनं आमच्यासमोर पहिल्या गोळ्या घेतल्या. डॉक्टरांनी नातवाला तपासलं, त्याचंही औषध ठरवलं आणि थुंकी स्वच्छ येईपर्यंत तो सुनेजवळच राहील असं बजावलं. मग बांधावर बसून त्यांनी मावशीला कळपाची पुढची वाट विचारली आणि वाटेवरच्या ओळखीच्या डॉक्टरांना एकेक फोन लावला. गोळ्या पोचवायचं काम संस्थेकडं, म्हणजे माझ्याकडं आलं. असा चालता पत्ता लिहायला माझ्या टॅबमध्ये रकानाच नव्हता.

दोन महिन्यांनी थुंकी स्वच्छ आली. निरोप घेऊन मी स्वतः गेलो. मावशीनं दोनदा विचारून खात्री केली, हात पदराला पुसले, आणि सुनेनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.