बाळ पाजणारी बाई

संग्रहालयात युरोपातली तीन-चारशे वर्षांपूर्वीची रेखाटनं मांडली होती. एका चित्रापाशी आई थबकली. उशांना टेकलेली श्रीमंत मालकीण, हातात पेला घेतलेला नवरा आणि खाली बसून त्यांच्या बाळाला पाजणारी दाई. चित्रकारानं मालकिणीच्या झालरीची चुणी न् चुणी काढली होती.

"हिचं स्वतःचं मूल कुठंय गं?" आईनं विचारलं.

"ते चित्रात नाहीये," मी म्हणाले.

आई पूर्वी एका बंगल्यात बाळ सांभाळायची. माझी धाकटी बहीण तापानं गेली, तेव्हा आई तिथं त्या बाळाला जोजवत होती. निरोप आल्यावर बंगल्यातल्या बाईंनी तिला लगेच सोडलं. ती पोचली, तोवर शेजारणींनी बहिणीला अंघोळ घालून ठेवलं होतं.

आई दाईच्या हातांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "धरलंय मात्र मायेनं."