पाय वर, तर तोंड सुरू

देवाने माणसाचं डोकं वर आणि पाय खाली लावून मोठी चूक केली, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे वेल्ह्याचा माझा आतेभाऊ. मलखांबात त्याचा हात धरणारा अख्ख्या भोर संस्थानात कुणी नव्हता. मिसरूड फुटायच्या आत गड्याने भोर, सातारा, पुणे सगळीकडचे सामने मारले. चांदीची पदकं आत्या भाताच्या कणगीत दडवून ठेवायची. पण या बहाद्दराची एकच गोम. जमिनीला पाय टेकले की दातखीळ बसायची, आणि उलटा झाला की असा सुटायचा की विचारू नका! भोरला त्याचा सत्कार झाला. हार घातला, ‘दोन शब्द बोला’ म्हणाले. हा घामाघूम. शेवटी व्यासपीठावरच हातांवर उभा राहिला आणि हार नाकावर घेऊन दिवेलागणीपर्यंत बोलला. सगळ्या सभेने माना वाकड्या करून ऐकलं. पुण्याच्या एका वर्तमानपत्राने त्याचा खांबावर लटकलेला फोटो छापला, तो नेमका फिरवून, पाय खाली. आत्याने बराच वेळ निरखला आणि म्हणाली, “ह्यो कुनाचा पोरगा म्हनायचा?”

एवढं नाव झालं, पण लग्न जमेना. सोयरे यायचे, हा मान खाली घालून गप्प, आणि ‘पोरगं मुकं दिसतंय’ म्हणत ते चहा पिऊन उठायचे. अशा दोन सोयरिकी मोडल्या. तिसरी विंझरची. ती मुलगी त्याने जत्रेत खांबावरून पाहिली होती आणि तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. “दादा, ही बी मोडली तर म्या खांबावरनं उतरनार न्हाई,” त्याने उलटं लटकूनच मला बजावलं. इकडे आत्याने त्याला गळ्याची शपथ घातलेली, “आज पाय भुईलाच ठेव!” विंझरला मुलीच्या बापाने नाव विचारलं. हा गप्प. गाव विचारलं. गप्प. बाप आमच्याकडे असा पाहू लागला की मी टोपी सावरत उठायच्या बेतात आलो. तेवढ्यात चहा घेऊन आलेली मुलगी दारातूनच म्हणाली, “बाबा, वर तुळई हाय की! जत्रंत खांबावरनं लई ग्वाड बोलत व्हते त्ये.” आतेभावाने आईकडे केविलवाणं पाहिलं. आत्याने कपाळावर हात मारला. “सुटली रं बाबा, शपथ सुटली! जा वर!” झालं! पायांनी तुळईला लटकला, फेटा चहात पडला, आणि नावागावापासून बैलांच्या शिंगांपर्यंत सगळं सांगून शेवटी म्हणाला, “म्या तुमच्या लेकीला पसंत हाय का, त्येवढं इचारा.” बाप ओरडला, “आरं, बोलतंय की वो ह्ये!” माझा जीव भांड्यात पडला. आत्या तर रडायलाच लागली.

पुढे त्याचा खांदा निखळला आणि वैद्याने खांब, तुळई सगळंच बंद केलं. नवी पोरं आली. आता भोरात त्याचं नाव घेतलं तर लोक डोकं खाजवतात. मला धास्ती वेगळीच, हा आता जन्मभर मुकाच राहणार. परवा राहवेना म्हणून वेल्ह्याला गेलो, तर रस्त्यावरच त्याचा आवाज ऐकू आला. पडवीत बाजेवर उताणा पडून, डोकं कडेवरून खाली सोडून साहेबांचं तोंड अखंड चालू होतं. शेजारी वहिनी, तीच विंझरची, तश्शीच, डोकं खाली सोडून भाताच्या लावणीवरून त्याच्याशी भांडत होती! मला पाहताच ती उठली, पदर घेतला आणि लाजून म्हणाली, “सरळ बसून त्येंचं त्वांड उलटं दिसतं, दादा. भांडायला मजा येत न्हाई.”

मीही टोपी काढून बाजेवर आडवा झालो. अंगणातल्या मलखांबावर घेवड्याचा वेल चढला होता. “म्या न्हाई तर ह्यो तरी चढतोय,” तो म्हणाला. “बरं वाटतं, दादा.”

मलाही बरं वाटलं. वहिनी चहा घेऊन आली तरी आम्ही तसेच पडून बोलत होतो.