परक्या पोरीचं पान

कळंबच्या थांब्यावर मला निरोप द्यायला निम्मी आळी आली होती. विमान दुसऱ्या दिवशीचं, तरी आम्ही सकाळीच निघालेलो. विमान भरलं की सोडत असतील, अशी दादाची पक्की समजूत. आई मात्र एकाच गोष्टीला धरून बसली होती. "मेलेल्या पोरीच्या पैशावर शिकायचं, आन् तिचं पान कोन वाढनार?"

शिष्यवृत्ती एका स्मृतिनिधीची होती. परदेशातल्या त्या विद्यापीठात एक मुलगी डोंगरी शेतीचा अभ्यास करत होती. तो अर्धवट टाकून आजारपणात गेली. तिनं ठरवलेल्या मुलखांवर कुणीतरी संशोधन करावं म्हणून आईवडिलांनी तिच्या नावानं निधी ठेवला. त्या मुलखांत आपला सह्याद्रीही होता. म्हणजे तळेघरची नाचणी समजून घ्यायला मी सातासमुद्रापार निघाले होते. तळेघर आपल्याच तालुक्यात. पण गाड्या कमी, पायपीट फार, म्हणून कधी गेलेच नव्हते. संशोधकाला शोभेल असा आळस!

तिकडं ग्रंथालयाच्या खिडकीबाहेर बर्फ भुरभुरायचा आणि मला वाटायचं, कुणीतरी भात वारवतंय, कोंडा उडतोय. समोर आपल्या आंबेगाव तालुक्याचा नकाशा. त्यावर बोट ठेवून मी ओढे ओलांडायची, चढण चढायची, आणि पानाचा कोपरा आला की थांबायची. मायक्रोवेव्हमध्ये गोल फिरणाऱ्या खिचडीकडं बघून रडायची. खिचडी तेवढी गरम व्हायची. वर्ष झालं तसं ठरवलं, आता पुरे. शिष्यवृत्ती सोडत असल्याचं पत्र पाकिटात घातलं आणि घरी सांगायला फोन लावला.

मी तोंड उघडायच्या आत आई सुरू झाली. "आगं, आज त्या पोरीचं पान ठिवलं. तिथी ठाव न्हाई, म्हनून सर्वपित्रीला. पर कावळा काय शिवंना! काकू म्हनली, तिला आपलं तिखट सोसत नसंल. मग मीच हात जोडलं. म्हनलं, बाई, तुझं ऱ्हायलेलं शिक्षान माझी लेक पुरं करील. तशी झडप घातली बघ!"

"भुकेला आसंल गं कावळा," मागून दादाचा आवाज.

"तू गप रं! मी शबुद दिलाय." मग मला, "तू कशापायी केलावता फोन?"

"सहजच," मी म्हणाले.

ते पत्र मी पेटीत टाकलंच नाही. पुढं टेपरेकॉर्डर गळ्यात अडकवून तळेघरच्या डोंगरात हिंडले, धापा टाकत. बायका हसायच्या, "पावनी लई नाजूक हाय, राव!" प्रबंध झाला, मग तिकडंच नोकरी, संसार, मुलं. आई गेली तेव्हाही मी तिकडंच होते.

मुलं विचारतात, आपलं घर कुठं? मी कळंब सांगते. दर खेपेला सांगताना किंचित अडखळते, त्याचं कारण आईला कधी कळलं नाही. दादा, तुला आज सांगते. त्या सर्वपित्रीला फोन लावला, तेव्हा मी सगळं सोडून घरी यायलाच निघाले होते. आईनं दिलेला शब्द ऐकला आणि जणू अंगणातूनच मागं फिरले.